बागुलबाईंची पिलं

आमच्या कॉलनीत हट्टी पोरांना घाबरवायला बागुलबुवा लागत नसे. आमच्याकडे खऱ्याखुऱ्या बागुलबाई होत्या. इंदूबाई बागुल, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. कोपऱ्यावर त्यांचं बैठं घर, मागे सिमेंट न केलेलं मोकळं अंगण, अंगणात कडुलिंब. "दूध पी पटकन, नाहीतर बागुलबाई येतील," असं कुठल्या घरातून ऐकू आलं की त्या रस्त्यावरूनच ओरडायच्या, "नाही येत मी! आणि त्याला भूक नसंल तर कशाला कोंबता? पोर आहे का पोतं?"

मोठी माणसं त्यांना 'सिस्टर' म्हणायची. समोर सिस्टर, पाठीमागे बागुलबाई.

उंच, काटक, काळ्यासावळ्या. केसांचा घट्ट अंबाडा, आणि त्याला जाळी. घरातल्या साध्या साडीवरही छातीशी उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ. पायात कायम बंद बूट. चपलेला त्या 'आळशाचं पायताण' म्हणायच्या. राग आला की माणसाचा आवाज चढतो. सिस्टरांचा आवाज चढलेलाच असायचा, राग आला की त्यांची भाषा बदलायची. सुरुवात दवाखान्याच्या शुद्ध मराठीत व्हायची. "हे काय चाललंय आपलं?" मग पारा वर गेला की त्या सरळ धुळ्याकडच्या आपल्या गावच्या अहिराणीत उतरायच्या, आणि मग समोरच्याची धडगत नसे.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. तेव्हा पोस्टात नोकरीला होते, म्हणून त्या मला 'पोस्टाच्या बाई' म्हणायच्या. माझ्यावरही त्या ओरडल्या आहेत. नळ चालू राहिला म्हणून, ताप असताना पोरीला शाळेत पाठवलं म्हणून, एकदा तर सासूबाईंची गोळी त्यांनी पाण्याशिवाय गिळली आणि मी बघत उभी राहिले म्हणून. पहिली दोन-तीन वर्षं मला त्या बाईचा मनापासून तिटकारा होता. तो कसा गेला ते सांगायचं तर किरणच्या वाढदिवसापासून सांगावं लागेल.

किरण म्हणजे आमच्या कॉलनीचे चेअरमन विलासशेठ यांचा नातू. विलासशेठचा बांधकामाचा धंदा. माणूस हसतमुख, देणाराघेणारा, गणपतीला सगळ्यात मोठी वर्गणी त्यांचीच. नातवाचा पाचवा वाढदिवस त्यांनी कॉलनीच्या मोकळ्या मैदानावर मांडव घालून केला. एप्रिल संपत आलेला. आमच्या जळगावात तेव्हा सकाळी नऊलाच डांबर मऊ पडतं. संध्याकाळी कारंजं, जादूगार, पाणीपुरी, सगळं झालं, आणि जाताना प्रत्येक पोराच्या हातात एक पुठ्ठ्याचा खोका आला. मिठाईचा असतो तेवढाच, वर नक्षीदार भोकं पाडलेली, झाकणावर किरणचा फोटो. रिटर्न गिफ्ट.

आत कोंबडीचं पिलू होतं. जिवंत. कुणाचं गुलाबी, कुणाचं हिरवं, कुणाचं जांभळं.

पोरं हरखून गेली. आयांनी फोटो काढले. माझ्या मुलीचं पिलू नारंगी होतं, भडक, पिंपातल्या सरबतासारखं. मला आत कुठेतरी खटकलं, पण सगळे खूश होते, मीही खोका घेऊन घरी आले. त्या पिलांबद्दलची हकीकत मला नंतर कळली. अंडी देणाऱ्या कोंबड्यांची जी पिलं पोल्ट्रीवाले उबवतात, त्यातले नर त्यांना नको असतात. नर अंडी देत नाही, त्या जातीला मांसही धरत नाही. मग ते एकतर मारून टाकायचे, नाहीतर रंगाच्या बादलीत बुचकळून बाजारात विकायचे. बादलीतून निघालेला एखाद्या दिवसाचा जीव, तसाच ओला, टेम्पोत, उन्हात. आणि मग वाढदिवसाच्या मांडवात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॉलनीभर एकच तक्रार सुरू झाली. पिलू खात नाही, मान टाकून बसलंय, आणि मागे सगळं चिकटलंय. पातळ शी होऊन ती पिसांना लागलेली, उन्हानं वाळून दगडासारखी झालेली, आणि त्यानं मागची वाटच बुजून गेलेली. पिलू जोर करतं, चिवचिवतं, काही होत नाही. आमच्या नारंगी पिलाचंही तेच. माझी मुलगी रडत होती. मी मोबाइलवर शोधलं, तर पिलांना ऊब द्या असं लिहिलेलं. मी टेबलावरचा दिवा खोक्यावर लावला.

तेवढ्यात समोरून सिस्टर रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या हातात घमेलं होतं, आणि घमेल्यात पोत्याच्या तुकड्यावर आधीच पाच-सहा पिलं. त्या घराघरांतून ती गोळा करत फिरत होत्या. त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. परत दिव्याकडे पाहिलं.

"उन्हायामा बल्ब लावस!" त्या कडाडल्या. "जळगावच्या उन्हायामा! भाजीसन खावानं शे का त्याले?"

मी दिवा बंद केला. "मोबाइलवर..." एवढंच तोंडातून निघालं.

"मोबाइलवाल्याच्या गावाला बर्फ पडत असंल. इथं पडतो का? पाणी पाजलं?"

"दुधात बिस्कीट कालवून दिलं होतं."

त्यांनी माझं पिलू उचललं आणि चालू पडल्या. मी मागोमाग गेले. रागानं गेले खरं तर. कुणी आपल्या घरात येऊन आपल्यालाच असं बोलावं? पण पिलू त्यांच्या हातात होतं आणि माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.

त्यांच्या मागच्या अंगणात कडुलिंबाच्या सावलीत ओलं पोतं टांगलेलं होतं. आडोशाला एक लाकडी खोकं, त्यात जुनं सुती लुगडं अंथरलेलं. "कागद घालू नका," त्यांनी मला न विचारताच सांगितलं. "कागदावर पाय घसरतात, पाय फाकले की पिलू जन्माचं अधू." उथळ बशीत पाणी, पाण्यात खडे, म्हणजे पिलू बुडायला नको. पाण्यात चिमूटभर मीठ आणि गूळ. त्या प्रत्येक पिलाची चोच आधी त्या पाण्यात बुडवत. एकदा, दोनदा. पिलू मान वर करून घोट गिळायचं तेव्हाच पुढची गोष्ट. "पानी. बठ्ठं सोडीसन पहिले पानी. खाणं उद्यापर्यंत नाही दिलं तरी मरत नाही. पाण्यावाचून मरतं."

मग त्यांनी कोमट पाण्यात कापूस भिजवला, माझं पिलू तळव्यावर उलटं धरलं आणि तो कापूस त्याच्या मागे नुसता दाबून ठेवला. घासलं नाही, ओढलं नाही. कापूस गार झाला की दुसरा. ती वाळलेली घाण हळूहळू फुगली, मऊ झाली, आणि आपली आपण सुटून आली. पिलानं लगेच एवढीशी शी केली, त्यांच्या तळहातावरच.

"हां!" सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आनंदाचा म्हणून मी ऐकलेला तेवढाच एक शब्द. लगेच फडक्यानं पिलू टिपून कोरडं केलं, मागे खोबरेल तेलाचं बोट लावलं आणि माझ्याकडे ढकललं. "घ्या. आता पुढचं तुम्ही."

मी पुढचं घेतलं. त्या बघत होत्या, ओरडत होत्या. हात हलका ठेवा, पाणी निवलं, बदला. मी कितव्या पिलाला होते कोण जाणे, एकदम त्या म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ असाच गेला."

आवाज तोच, रागाचा. जणू माझ्यावरच ओरडत होत्या.

"हगवण लागली होती. साधी. आमची आजी म्हणाली, पाणी बंद करा, पाण्यानं हगवण वाढते. गावातल्या सगळ्या बाया म्हणाल्या, बंद करा. पोरगं ओठ चाटत होतं. पाणी, पाणी करत होतं. मला त्याच्याजवळ बसवलं होतं, त्यानं माठाकडे जाऊ नये म्हणून. घरात माठ भरलेला होता, पोस्टाच्या बाई."

मी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं.

"कापूस निवला," त्या म्हणाल्या. "बदला."

त्या दिवशी मला कळलं की या बाईचा राग आपल्यावर नाही. म्हणजे आपल्यावरही आहे, पण आपल्यापासून सुरू झालेला नाही. मोठ्या आजारानं कुणी गेलं की त्या गप्प असत. चिल्लर कारणानं कुणी गेलं की त्यांना सहन होत नसे. धुळ्याच्या बाजूला बालरुग्णांच्या वॉर्डात त्यांची बरीच नोकरी झाली होती आणि पुन्हा पुन्हा बदल्या झाल्या होत्या, त्या सगळ्या तोंडापायी. एकदा एका पुढाऱ्याच्या नातेवाइकाला त्यांनी वॉर्डाबाहेर काढलं होतं, कारण तो आजारी बाळाच्या खाटेवर बसून तंबाखू मळत होता. पुढारी स्वतः आला. सिस्टरांनी त्यालाही बाहेर काढलं. पुढच्याच आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रात बदली. "बरं झालं," त्या म्हणायच्या. "तिथं ओरडायला जास्त वाव होता."

पण त्यांचा राग नेहमी न्यायानं चालायचा असंही नव्हतं. ते लिहिलं नाही तर चित्र खोटं होईल.

त्याच दुपारी पाटील वहिनींनी आपलं पिलू स्वतःच साफ केलं होतं. गरीब स्वभावाची बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारणीनं सांगितलं, मागची घाण काढा, म्हणून तिनं पिलू उलटं धरलं, पोटाखाली काळी खपली दिसली, ती तिनं ओढून काढली. पिलाच्या पोटातून रक्त आलं. ती घाबरून पिलू ओंजळीत घेऊन धावत सिस्टरांकडे आली.

ती घाण नव्हती. पिलाची बेंबी होती. अंड्यातला शेवटचा बलक पोटात घेऊन पिलू बाहेर येतं, तिथे अशी खपली धरते, आणि ती आपली आपण गळते. शी चिकटते ती त्याच्या मागे, शेपटीखाली. वहिनींना ते कुठून ठाऊक असणार? मला तरी कुठे होतं?

पिलू सिस्टरांच्या हातातच गेलं. आणि मग त्या वहिनींवर जे सुटल्या ते आठवलं की आजही मला अंग चोरून घ्यावंसं वाटतं. "वढी काढी! बेंबी वढी काढी! पोटच्या पोराची वढशील का?" वहिनींना मूल नव्हतं. सगळ्या कॉलनीला माहीत होतं, सिस्टरांनाही माहीत होतं. वहिनी तिथेच कडुलिंबाच्या बुंध्याला धरून उभी राहिली. तोंडातून हुंदका नाही, नुसतं पाणी वाहत होतं डोळ्यांतून.

मी म्हटलं, "सिस्टर, पुरे."

त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असणार, कारण त्यांनी हातातलं मेलेलं पिलू दोनदा उगाचच पुसलं. पण माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या दारात गेल्या, हातात एक हिरवं पिलू घेऊन, आणि म्हणाल्या, "हे धरा. मी दाखवते कुठं पुसायचं." वहिनींनी दार लावून घेतलं. पुढे कधीच त्या सिस्टरांशी बोलल्या नाहीत. सिस्टर मात्र दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारातून आल्या की खिरीची वाटी वहिनींच्या कठड्यावर ठेवून यायच्या. वाटी घासून परत कठड्यावर यायची.

त्या खेपेची पिलं अर्ध्याहून अधिक वाचली. ज्यांची हगवण नुसती उन्हानं आणि प्रवासानं लागली होती, ती दोन दिवसांत ठणठणीत झाली. मग त्यांना बाजरीचा भरडा, तांदळाची बारीक कणी, बोटाच्या टोकावर थोडं दही. बाकीच्यांनी त्यांच्या अंगणातच डोळे मिटले आणि सिस्टरांनी त्यांना कडुलिंबाखाली पुरलं. पिलं नीट झाली तशी मी एकदोन घरांत सांगायला गेले की आता न्या. कुणी म्हणालं, घाण करतं हो. कुणी म्हणालं, आता पोरगं विसरलंय, कशाला आठवण करून द्यायची? एका बाईनं तर मला विचारलं, "अजून जिवंत आहे?" इतक्या आश्चर्यानं विचारलं की मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सिस्टरांचा आजार मला लागायला लागला होता.

तर ती सगळी पिलं सिस्टरांकडेच राहिली. रंग उडाला, पांढरी पिसं फुटली, तुरे आले. आणि सगळे नर! पहाट झाली की एक सुरू करायचा आणि बाकीचे त्याला उत्तर द्यायचे. मलासुद्धा उशी कानावर घ्यावी लागे. पावसाळा संपता संपता कॉलनीची बैठक बसली.

विलासशेठ नम्रपणे म्हणाले, "सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे आम्हाला. पण हा रेसिडेन्शियल एरिया आहे. इथं कोंबड्या..."

"कोंबड्या नाहीत, कोंबडे," सिस्टर म्हणाल्या. "तुमचेच आहेत."

"माझे?"

"तुम्ही वाटले. झाकणावर तुमच्या नातवाचा फोटो होता. वाटले तेव्हा काय होतं, जंगल होतं का इथं?"

लोक हसले. विलासशेठही हसले, ते बिचारे नेहमीच हसत. कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, पोरांची हौस असते." झालं. सिस्टर उभ्या राहिल्या. "हौस कोणाले व्हती? पोरेसले का तुमले? पोरगं मागी राह्यनं का, माले मरेल पिलू दे?" मग पुन्हा मराठीत, एकेक शब्द तोडत, "तुम्ही त्या पोरांना काय शिकवलं ठाऊक आहे? जिवंत वस्तू आणायची, दोन दिवस खेळायचं, मेली की फेकायची. मोठी होऊन तुम्हालाच फेकतील तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका."

बैठक संपली, पण कोंबडे जायचे ते जाणारच होते. ते त्यांनाही कळत होतं. जवळच्या असोद्याला केळीच्या बागेत काम करणारी त्यांच्या ओळखीची एक बाई होती, तिच्या घराला मोठं आवार. रिक्षात टोपल्या घालून आम्ही दोघी गेलो. सबंध रस्ताभर कोंबडे आरवत होते आणि रिक्षावाला हसून हसून बेजार. त्या बाईनं कोंबडे पाहिले आणि भीत भीत विचारलं, "सिस्टर, सणावाराला एखादा कापला तर चालंल का?"

मला वाटलं आता इथेही स्फोट.

"काप की," सिस्टर म्हणाल्या. "मी खात नाही का काय? कापशील तर सुरीला धार लावून काप. पण उन्हात बांधून, तहानेनं मारू नको. तसं केलं तर मी येईन."

परत येताना रिक्षात त्यांनी टोपलीच्या बांबूत अडकलेलं एक पांढरं पीस तेवढं काढलं आणि बाहेर सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात विलासशेठच्या नातीचा वाढदिवस आला. पुन्हा मैदान, पुन्हा मांडव. दुपारी मी पोस्टातून येत होते तर मांडवामागे टेम्पो उभा. आत जाळीच्या पेट्या. पेट्यांतून तो चिवचिवाट. मी धावतच सिस्टरांकडे गेले. मला वाटलं, आता त्या टेम्पोवाल्याला धरून मारतील, पोलीस येतील, काय काय होईल. त्या मांडी घालून भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "चुलीवर पाणी ठेवते. तुमच्या घरचा थर्मास आणा. आणि मोठा असंल तो टॉवेल."

संध्याकाळी दिवे लागले, गाणी सुरू झाली. सिस्टर पांढरी साडी नेसून, घड्याळ टोचून, पाहुण्यांसारख्या आल्या. मंगलाताईंनी, म्हणजे विलासशेठच्या पत्नींनी, त्यांना अगत्यानं आत घेतलं. केक कापला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मांडवाच्या दाराशी टेबल मांडून खोके वाटायची तयारी सुरू झाली, तशा सिस्टर उठल्या आणि त्या टेबलाच्या पुढे खाली जमिनीवर बसकण मारली. समोर परात. परातीत कोमट पाणी. कापूस, फडकी, तेलाची बाटली.

पहिलं पोर खोका घेऊन आलं, सोबत त्याचे आईवडील. सिस्टरांनी खोका घेतला, पिलू बाहेर काढलं, उलटं केलं. प्रवासानं त्याचंही मागे वाळून चिकटलेलं होतं. त्यांनी ते त्या बापाच्या नाकासमोर धरलं. त्याच्या हातात आइस्क्रीम होतं.

"न्यायचंय ना? न्या. पण धुवून न्या. बसा."

"काय?"

"बसा खाली. मी दाखवते. दोन मिनिटांचं काम आहे. हे नाही केलं तर परवा मरतं. ज्याला न्यायचंय त्यानं धुवायचं, ज्याला धुवायचं नाही त्यानं ठेवून जायचं. फुकटात जीव मिळत नाही."

गाणी चालूच होती. विलासशेठ घाईघाईनं आले. आज ते हसत नव्हते. "सिस्टर, लोक जेवतायत इथं!"

"मग? हेही जेवलंय. त्याचं बाहेर येत नाही."

"हा माझा कार्यक्रम आहे. तुम्ही उठा इथून. मी सांगतो उठा!"

"उचला मला," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी चढलेला नव्हता, उलट घोगरा झाला होता. "चार माणसं बोलवा आणि उचला. सगळे मोबाइल काढून बसलेच आहेत."

विलासशेठचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं, मी थर्मास धरून उभी होते. मला लाज वाटली नाही. उलट राग आला. इतकी शिकलीसवरलेली, कपड्यांची इस्त्री न मोडू देणारी माणसं रांगेत उभी होती आणि एकालाही त्या पिलाकडे बघवत नव्हतं. तरी ते घरी न्यायची तयारी होती त्यांची!

तेवढ्यात मंगलाताई पुढे आल्या. जांभळी पैठणी, गळ्यात भरपूर. त्यांनी पदर कमरेला खोचला, सिस्टरांच्या शेजारी खाली बसल्या आणि तळहात पुढे केला. "द्या. माझ्या नातीचं आहे ना ते? मी धुते."

"मंगल!" विलासशेठ म्हणाले.

"तुम्हाला मागच्या वर्षीच सांगितलं होतं मी," त्या वर न बघता म्हणाल्या. "ऐकलं नाहीत."

सिस्टरांनी त्यांच्या हातावर पिलू ठेवलं. "वढू नका. नुसतं दाबून धरा."

मग एकेक जण बसला. सगळे नाही. दोन-तीन बाया बसल्या, एक तरुण बाप बसला, त्यानं बाह्या दुमडून फार सांभाळून केलं, आणि सुटल्यावर बायकोला ओरडून दाखवलं, "अगं, केली! शी केली त्यानं!" लोक हसले. पण बहुतेकांनी खोके टेबलावर ठेवले आणि मुलांना ओढत घरी नेलं. मुलं रडत होती. "बागुलबाईंनी वाट लावली कार्यक्रमाची," असं आयाबाया मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलल्या. हेच लोक आदल्या वर्षी, सिस्टर पोचण्याआधी मेलेली पिलं त्याच हातांनी कचराकुंडीत टाकून आले होते. तेव्हा नव्हती कुणाची वाट लागली.

टेबलावर खोक्यांची चळत उरली. ती सगळी अर्थातच सिस्टरांच्या अंगणात गेली. पुन्हा पोती, पुन्हा गूळपाणी, पुन्हा पुढच्या पावसाळ्यात पहाटेचा आरवण्याचा मेळा. मात्र त्यानंतर विलासशेठच्या घरी कुठल्याच वाढदिवसाला पिलं आली नाहीत. रोपं वाटली, पाटीपेन्सिली वाटल्या. मंगलाताई अधूनमधून मागच्या फाटकातून सिस्टरांच्या अंगणात यायच्या, बाजरीची पिशवी ठेवायच्या, आणि त्यांच्या शिव्या खाऊन जायच्या. "इतका भरडा जाडा दळतात का? पिलाच्या नरड्यात अडकवायचाय?" मंगलाताई हसत. मला वाटतं त्या दोघींची मैत्री झाली होती. दोघींपैकी कुणी तसं कबूल केलं नसतं.

नंतर सिस्टरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. धुळ्याहून त्यांची भाची रेखा आली आणि घर आवरून त्यांना घेऊन गेली. ट्रक भरताना सुद्धा त्या हमालावर ओरडत होत्या, आणि ट्रक गेल्यावर रस्ता इतका शांत झाला की ते माझ्या अंगावर आलं. संध्याकाळी फिरायला निघालेला एक गृहस्थ मला म्हणाला, "बरं वाटतं ना आता? जरा शांतता आली." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अहिराणीत म्हणाले, एवढं सांगते.

मागच्या हिवाळ्यात रेखाचा फोन आला. मावशीला अर्धांगवायूचा झटका आला आहे, उजवी बाजू गेली आहे, भेटायचं असेल तर या. मी सकाळची एसटी धरून धुळ्याला गेले.

रेखानं दारातच मला समजावलं. "मावशीला सगळं कळतं, ओळखते ती. पण बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय. पाणी पाहिजे तरी तोच, दुखलं तरी तोच. वाईट वाटून घेऊ नका, काकू. डॉक्टर म्हणतात, कधी कधी असा एखादाच शब्द राहतो."

"कोणता?"

रेखानं मान खाली घातली. "निंघ."

निंघ, म्हणजे नीघ, चालती हो.

सिस्टर खिडकीशी खाटेवर टेकून बसल्या होत्या. अंबाडा कुणीतरी सैल घातलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र तेच. मला पाहिल्याबरोबर ते चमकले.

"निंघ!" त्या म्हणाल्या, आणि डाव्या हातानं खाटेवर आपल्याशेजारी थोपटलं.

मी बसले. कॉलनीतलं सांगत राहिले. मंगलाताईंनी पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी एक लाडू नाकाशी नेऊन वास घेतला, मोडला, आतला दाणा बोटांत चिरडून पाहिला आणि रेखाकडे बघून तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "निंघ." जाडा कुटलाय, असं असावं. मी हसले. त्याही हसल्या, अर्ध्या तोंडानं. मग मी सांगू लागले की पाटील वहिनींनी तुमची चौकशी केली. केली होती खरंच, मी बसला निघाले तेव्हा कठड्यावरून. "तब्येत कशी आहे त्यांची," एवढंच. ते ऐकून सिस्टर खिडकीबाहेर पाहू लागल्या. ओठ हलत होते, काहीतरी दुसरं म्हणायचं होतं त्यांना, अगदी जोर करून म्हणायचं होतं. मानेच्या शिरा ताणल्या. शेवटी तोच शब्द आला, आणि तो आला तसा त्यांनी संतापून डावी मूठ गादीवर आपटली. पुन्हा आपटली.

"कळलं मला," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मला खरोखर कळलं आहे की नाही ते तपासत असाव्यात तसं. मग मूठ सैल झाली.

चारची गाडी होती. मी उठले, त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. "येते, सिस्टर."

त्यांनी माझं मनगट पकडलं. डाव्या हातात अजून दवाखान्याची ताकद होती.

"निंघ," त्या म्हणाल्या.

"हो. गाडी चुकेल."

"निंघ. निंघ." आवाज चढला, डोळे भरून आले, बोटं माझ्या मनगटात रुतली. "निंघ!"

रेखा दारात पिशवी घेऊन उभी होती. मी पुन्हा खाटेवर बसले. गाडी गेली तर गेली.